निळं न होणारं अक्षर

काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून जास्त बोलले नाही. आता सावकाश लिहिते. याची छापील प्रत काढ आणि ऑफिसच्या खणात ठेव. संगणकात ठेवलीस तर हवी असेल तेव्हा सापडायची नाही, तुझे फोल्डर मी पाहिलेत.

घडलं ते असं. पडद्यावर चूक सांगणारा चौकोन आला. आत दोन ओळी इंग्रजी आणि एक लांबलचक क्रमांक. तू माउसनं त्या ओळी धरायला गेलीस, त्या निळ्या होईनात. मग चिठ्ठीवर उतरवून घेतलंस, चिठ्ठीवरून व्हॉट्सॲपवर टाइप केलंस, आणि तो सपोर्टवाला मुलगा दीड तास भलत्याच जागी शोधत बसला. पडद्यावर शून्य-एक्सनंतर ८००७०००५ होतं, तू पाठवलंस ८००७००५७. एक शून्य गळलं, एक सात कुठून तरी आला. पहिल्या क्रमांकाचा अर्थ ‘तुला परवानगी नाही’, दुसऱ्याचा ‘दिलेली माहिती चुकीच्या रूपात आहे’. दोन्ही खरे क्रमांक आहेत, हीच पंचाईत. तू पाठवलेला क्रमांक अर्थहीन असता तर त्या मुलाला लगेच शंका आली असती.

पुढच्या वेळी असा चौकोन आला की त्याच्या वरच्या पट्टीवर एकदा क्लिक कर आणि कंट्रोल-सी दाब. काही निवडायचं नाही. काही निळं होणार नाही, काही हलणारही नाही, तुला वाटेल आत्या थट्टा करतेय. नोटपॅड उघड आणि कंट्रोल-व्ही दाब. अख्खा चौकोन उतरतो: वर शीर्षक, मध्ये मजकूर, खाली ‘ओके’ हे बटणाचं नावसुद्धा, आणि मधे तुटक रेघा. विंडोजच्या स्वतःच्या साच्यातले चौकोन हे फार वर्षांपासून करताहेत, पण कुणी सांगत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. एखाद्या कंपनीनं आपला चौकोन स्वतः घडवला असेल तर हे चालेलच असं नाही. दाबून बघायला पैसे पडत नाहीत.

आता मूळ गोष्ट. पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांच्या दोन जाती असतात: हाक मारली तर ओ देणारी आणि न देणारी. पहिल्या जातीत संगणकाला आतून ठाऊक असतं की इथे ‘र’ आहे, पुढे काना आहे. त्यानं तुला निवडायला बंदी केली असेल, पण माहिती त्याच्यापाशी आहे. दुसऱ्या जातीत त्याच्या लेखी ते नुसतं चित्र आहे, पांढऱ्यावर काळे ठिपके. ‘र’ तुला दिसतो, त्याला नाही. पहिल्या जातीला नीट विचारायचं, दुसरीला वाचून घ्यायचं. तुझी सगळी धडपड होते ती हे न ठरवता सुरुवात केल्यामुळे.

ओळखायची खूण सोपी आहे. ब्राउझरमध्ये किंवा पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ दाब आणि डोळ्यांसमोर दिसणारा एखादा शब्द शोधायला सांग. सापडला तर अक्षर आहे. समोर दिसत असून ‘सापडलं नाही’ म्हणाला तर चित्र आहे, किंवा तिसरीच भानगड आहे, जी खास आपल्या मराठीच्या वाट्याला आलेली आहे. तिच्याकडे नंतर येते.

तुझं निम्मं काम टॅलीत. तिथे माउसनं ओळ धरता येत नाही म्हणून तू नावं पुन्हा टाइप करतेस, हे मी त्या दिवशी तुला डबा द्यायला आले तेव्हा पाहिलं आणि तोंड मिटून बसले. त्या रकान्यात उभी राहा आणि कंट्रोल-ऑल्ट-सी दाब. टॅलीत चिकटवायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-व्ही. आणि अख्खी यादी हवी असेल तर अक्षरं वेचत बसूच नकोस. ऑल्ट-ई दाब, एक्सेलमध्ये काढ. कुठलाही प्रोग्रॅम असो, त्याला एक्स्पोर्टचं दार आहे का ते आधी बघायचं. दार असताना खिडकीतून हात घालू नये.

फोल्डरमधल्या फाइलींची नावं हवीत? एकच नाव हवं तर एफ-२ दाबून कंट्रोल-सी, मग एस्केप. शंभर हवी असतील तर सगळ्या निवड आणि विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. विंडोज १० असेल तर शिफ्ट धरून उजवं क्लिक कर, ‘कॉपी ॲज पाथ’ दिसेल. पूर्ण पत्त्यासकट, अवतरणचिन्हांत उतरतात. नको तो भाग एक्सेलमध्ये एका झटक्यात गाळता येतो. दुव्याच्या मधलाच एक शब्द उचलायचा असेल आणि क्लिक केलं की पान उघडतं, तर फायरफॉक्समध्ये ऑल्ट धरून माउस ओढायचा.

याहून हट्टी जागा असतात: बटणावरचं लेखन, सेटिंगच्या खिडकीतली यादी, स्थिती दाखवणारी खालची पट्टी. तिथेही अक्षर असतं, फक्त निवडायची सोय नसते. त्यासाठी ‘टेक्स्टिफाय’ नावाचा छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे. शिफ्ट धरून माउसचं मधलं बटण दाबलं की बोटाखालच्या मजकुराचा एक निवडता येणारा चौकोन समोर धरतो. याद्यांसाठी नीरसॉफ्टचा ‘सिसएक्स्पोर्टर’ आहे. ऑफिसच्या संगणकावर मात्र विचारल्याशिवाय काही चढवायचं नाही. नोकरीला तीनच महिने झालेत तुला.

हे प्रोग्रॅम जादू करत नाहीत. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला ‘तुझ्यात काय लिहिलंय’ असं विचारायची रीत आहे, ते तेवढंच विचारतात. ती रीत आता टिकून आहे ती मुख्यतः अंध माणसांमुळे. पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम त्याच वाटेनं मजकूर घेतात. त्यातला ‘एनव्हीडीए’ २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी सुरू केला आणि जेम्स तेह यांच्यासह उभा केला. दोघेही अंध, आणि प्रोग्रॅम आजही फुकट. ज्या साइटवर तुला मजकूर निवडता येत नाही म्हणून तू चिडतेस, तिथे बनवणाऱ्यानं अक्षरांऐवजी चित्र टाकलेलं असेल तर अंध माणसासाठी ते पान कोरंच असतं. सरकारी सूचना स्कॅन करून चढवणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. पण ते राहू दे, मी सुरू झाले की थांबत नाही.

साइटवर निवड बंद केलेली असते ती दोन प्रकारांनी. एक, पानाच्या सजावटीच्या सूचनांतच ‘निवडू देऊ नका’ असं लिहिलेलं असतं. दुसरा, उजवं क्लिक केलं की एक छोटा प्रोग्रॅम आडवा येतो. दोन्ही कुलपं कागदाची. एजमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये एफ-९ दाबलं की पान वाचनाच्या साध्या रूपात उघडतं. जाहिराती जातात, सजावट जाते, बहुतेक वेळा बंदीही जाते. नाही गेली तर कंट्रोल-पी दाबून पान पीडीएफ म्हणून साठव आणि तिथून उचल. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून उजवं क्लिक केलं तर आडवा येणारा प्रोग्रॅम बाजूला होतो.

कुलूप कागदाचं आहे म्हणून आतला माल आपला होत नाही, हे मात्र लक्षात ठेव. आपल्या अलकापुरीतल्या ज्या रस्त्यावर तुझं ऑफिस आहे, तो आर. सी. दत्त रोड. रमेशचंद्र दत्त बडोद्याचे दिवाण होते, १९०९ मध्ये इथेच वारले. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे त्यांचे दोन खंड १९०२ आणि १९०४ मध्ये निघाले, सरकारचेच आकडे घेऊन सरकारलाच जाब विचारणारे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे दत्तांचं पुस्तक तू अख्खं उतरवून घे, कुणाची हरकत नाही. काल कुणी तरी लिहिलेला करसल्ल्याचा लेख मात्र अभ्यासाला दोन परिच्छेद घेतलेस तर ठीक, पण आपल्या ऑफिसच्या पत्रकात स्वतःच्या नावावर चिकटवलास तर ती चोरी. तुझे साहेब सांगतील ‘सगळेच करतात’. करू देत.

आता ती मराठीची भानगड.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. जुन्या अंकातले लेख पुन्हा छापायचे होते. पीडीएफ होती, अक्षरं निळी होत होती, मी खूश. उचलून वर्डमध्ये चिकटवलं तर रोमन लिपीतला कचरा. मला आधी वाटलं संगणक बिघडला. संगणक ठीक होता. जुना मजकूर जुन्या फाँटात होता.

युनिकोड घरोघरी येण्याआधी मराठी छपाई ज्या फाँटांवर चालली, त्यांत देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवलेली असत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख, प्रत्येकाची घरं वेगळी. कृतिदेवात ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या पोटात ‘एच, के, के, जे, आर’ असा असतो. एच आणि के मिळून भ, पुन्हा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. फाँट अंगावर आहे तोवर ‘भारत’ दिसतो. फाँट उतरला की एच-के-के-जे-आर. नाटकातला राजा मुकुट काढून विंगेत चहा प्यायला गेल्यासारखं. म्हणूनच कंट्रोल-एफमध्ये ‘भारत’ शोधलं तर समोर दिसत असून सापडत नाही.

अशा वेळी ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाब, ‘फाँट्स’ असा भाग दिसेल, त्यात फाँटाचं नाव असतं. नाव कळलं की त्या फाँटातून युनिकोडात नेणारा रूपांतरक शोधायचा. नाव न बघता दिसेल तो रूपांतरक चालवायचा म्हणजे दुसऱ्याच्या किल्लीनं आपलं कुलूप उघडण्यासारखं. क्वचित उघडतंसुद्धा, आणि मग आत जे दिसतं ते अर्धं बरोबर असतं. अर्धं बरोबर फार घातक.

‘पण आता तर सगळं युनिकोडात आहे,’ असं तू म्हणशील. आहे. देवनागरीला युनिकोडात १९९१ पासून जागा आहे. तरी मराठी पीडीएफमधून उचललेला मजकूर मोडका येतो, आणि याचं कारण तुझ्या वयाच्या मुलांनाही ठाऊक नसतं. पीडीएफ हा छपाईसाठी केलेला प्रकार. त्यात शब्द नसतात, कुठलं चिन्ह पानावर कुठे बसवायचं एवढंच असतं. ‘किल्ला’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आपण ‘क’नंतर टाइप करतो, पण दिसते ती ‘क’च्या आधी. ‘सूर्य’मधला रफार बोलण्यात आधी, कागदावर ‘य’च्या डोक्यावर. जोडाक्षराचं एकच चित्र असतं. चित्रावरून मूळ अक्षरांकडे परत जायचा नकाशा पीडीएफ बनवणाऱ्यानं आत ठेवला असेल तर उचललेला मजकूर शहाणा येतो. ठेवला नसेल तर वेलांट्या भलत्याच्या गळ्यात पडतात, रफार बेपत्ता होतात आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात. गुजरातीचंही तेच, तुझ्या ऑफिसात रोज बघशील.

मग मी काय करते? निळा होत असला तरी तो मजकूर उचलतच नाही. त्याला चित्र समजते आणि वाचून घेते. हे ऐकायला उलटं वाटतं. अक्षर आहे तर अक्षर घ्यावं, असं मीच वर सांगितलं. पण मोडक्या मराठी अक्षरापेक्षा स्वच्छ चित्र बरं. स्मरणिकेची चाळीस पानं मी आधी हातानं दुरुस्त करत बसले, चार दिवस गेले आणि सहा पानं झाली. मग चित्र करून वाचून घेतली, आठवड्यात सगळं आटोपलं.

चित्रातलं वाचून घ्यायला मी गूगल ड्राइव्ह वापरते. फाइल वर चढवायची, तिच्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडायचं. पान उघडतं तेव्हा वर चित्र आणि खाली अक्षरं. मराठी चांगलं वाचतो, गुजरातीही. त्याच्या अटी: पान सरळ हवं, फाइल दोन एमबीच्या आत असलेली बरी, अक्षरांची उंची निदान १० पिक्सेल. म्हणून पडद्याचं चित्र घेताना आधी पान दोनशे टक्के मोठं करायचं, मग विंडोज-शिफ्ट-एस दाबून हवा तेवढाच भाग कापायचा. बारीक अक्षराचं चित्र घेऊन मागाहून ताणलंस तर काही उपयोग नाही, जे टिपलंच नाही ते ताणून येत नाही. नुसती इंग्रजी पावती असेल तर इतकं करायचं कारण नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलला २०२३ पासून चित्रातली अक्षरं उचलता येतात. घाईत असलीस तर फोनवरची गूगल लेन्स सरळ पडद्यासमोर धर.

गिऱ्हाइकाचे कागद मात्र असे वर चढवायचे नाहीत. पॅन, आधार, बँकेचा उतारा, कुणाचा पगार, हे काहीही अनोळखी ‘चित्रातून अक्षर फुकट’ साइटवर टाकलंस तर ते कुठे गेलं हे तुला कधीच कळणार नाही. त्यासाठी संगणकावरच चालणारं ‘टेसरॅक्ट’ आहे. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडलं, २००५ मध्ये सर्वांना खुलं झालं, नंतर बरीच वर्षं गूगलनं सांभाळलं. मराठीचं वेगळं शिक्षण त्याला दिलेलं आहे. चालवायला थोडं किचकट, पण इंटरनेट काढून टाकलं तरी काम करतं. ऑफिसातल्या संगणकवाल्याला सांग, बसवून देईल.

आणि विंडोज-व्ही एकदा दाबून बघ. तू उचललेल्या मागच्या २५ गोष्टींची यादी तिथे राहते, आधी चालू करावी लागते एवढंच. मोठी सोय. पण उचललेला पासवर्डही त्याच रांगेत उभा असतो, आणि तू जेवायला गेलीस की तुझी खुर्ची मोकळी.

आता तुझ्या पणजोबांविषयी, म्हणजे माझ्या आजोबांविषयी. संस्थानच्या दप्तरात ते नकलनवीस होते. मोडी कागद समोर, बाळबोध प्रत बाजूला. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, हात उचलायचा नाही म्हणून अक्षरं एकमेकांत वितळलेली. मूळ कागद ठेवून घ्यायची परवानगी नव्हती. दिसतो, उचलता येत नाही. निळं न होणारं अक्षर तेव्हाही होतं.

बडोद्याला हा धंदा नवा नाही. १९१४ च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना पाटणला पाठवलं, तिथल्या जैन भांडारांतल्या पोथ्या बघायला. पिढ्यान् पिढ्या कुलपात राहिलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या, त्या जागेवरच वाचायच्या, टिपून घ्यायच्या. त्याच कामाच्या आसपास गायकवाड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला सुरू झाली, राजशेखराची काव्यमीमांसा तिच्यातला पहिला ग्रंथ. दलाल १९१८ मध्ये गेले. पुढे इथल्याच प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती केली, सात कांडं, १९६० ते १९७५ या काळात निघालेली. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, तर देशभरच्या लेखनिकांनी शेकडो वर्षं उतरवून घेताना केलेल्या चुका एकमेकींशी ताडून मूळ पाठ शोधायचा. वर्षानुवर्षांचं काम लोकांच्या कॉपी-पेस्टचं. त्या लेखनिकांची पोथीच्या शेवटी एक ठरलेली विनवणी असे: जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असली तर मला दोष देऊ नका. ही सवलत तुला मिळणार नाही, तुझ्या कागदावर सनदी लेखापालाची सही असते.

गंमत अशी की पोथीवाल्यांच्या आणि यंत्राच्या चुका सारख्याच. ‘ख’चा ‘रव’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. अनुस्वार उडतो आणि धुळीचा ठिपका अनुस्वार होतो. स्मरणिकेत एका ठिकाणी ‘भाऊंचं घर’चं ‘भाऊंचं धर’ झालं होतं. ते पटकन दिसतं. ‘मत’चं ‘भत’ झालं तरी दिसतं. पण ‘भान’चं ‘मान’ झालं तर? दोन्ही शब्द खरे, वाक्य चालतं, तपासनीस प्रोग्रॅमही काही बोलत नाही. तुझ्या त्या दोन क्रमांकांसारखंच.

म्हणून आजोबांची रीत सांगते. नक्कल झाली की ते स्वतः ती तपासत नसत. आजीला मूळ कागद वाचता येत नसे, मोडी तिला येतच नव्हती, पण बाळबोध येत होतं. आजोबा मोडी कागद मोठ्यानं वाचत, आजी बाळबोध प्रतीवर बोट ठेवून बघत जाई. लिहिणाऱ्यानं स्वतःचं लिहिलेलं तपासू नये, कारण त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. आकडे आले की ते उजवीकडून डावीकडे वाचत. ‘एक लाख बावीस हजार’ असं नाही, ‘शून्य, शून्य, शून्य, दोन, दोन, एक’. सवयीनं जीभ घसरत नाही. आणि रकाना असला तर बेरीज दोन्हीकडे करायची, मुळाची आणि नकलेची. यंत्रानं वाचलेल्या उताऱ्यालाही हीच परीक्षा लाव. एक्सेलमध्ये बेरजेला किती वेळ लागतो? छापील बेरजेशी जुळली नाही तर कुठे तरी तीनाचा आठ झालाय. जुळली तरी दोन चुका एकमेकींना झाकत असू शकतात, पण ते नशीब.

मोठा उतारा असेल तर संगणकालाच वाचायला लाव. वर्डमध्ये ‘रीड अलाउड’ आहे. तो नक्कल वाचेल, तू मूळ चित्रावर डोळे ठेव. मराठी आवाज थोडा नाकातून येतो, पण ‘घर’चं ‘धर’ केलेलं लगेच कानात खुपतं. डोळा माफ करतो, कान करत नाही, असं आजी म्हणायची. ती हे स्वयंपाकघरात फोडणीविषयी म्हणायची, पण चालतं इथेही.

एक बारीक गोष्ट राहिली. कुठूनही उचललेलं सरळ कामाच्या कागदावर टाकायचं नाही. आधी नोटपॅडमधून गाळायचं. नोटपॅड चाळणीसारखं आहे, फाँट, रंग, तक्त्याच्या रेघा सगळं वर राहतं आणि नुसता मजकूर खाली पडतो. बऱ्याच ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-व्हीनंही हेच होतं. साहेबांच्या पत्रात मधेच निळ्या रंगाची एक ओळ वेगळ्याच फाँटात दिसली की कुठून आणलीस ते न विचारताच कळतं.

कट, कॉपी, पेस्ट हा सगळा खटाटोप बसवून देणारे लॅरी टेस्लर २०२० मध्ये वारले. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्यांनी तो बसवला. ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी तुझ्या काकाला म्हटलं होतं, या माणसाचं निदान एक तैलचित्र तरी प्रत्येक ऑफिसात हवं. काका म्हणाला, तैलचित्राखालचं नाव उचलता येणार नाही.

शनिवारी ये. पाऊस असला तर गरनाळ्याखालून येऊ नकोस, पाणी भरतं, स्टेशनवरून वळून ये. लीलो चिवडो आणून ठेवते. येताना या वेळच्या स्मरणिकेची नवी पानं घेऊन ये, अठ्ठेचाळीस ते साठ. मी जुना अंक मोठ्यानं वाचेन, तू नव्यावर बोट ठेव. पान बावन्नवर देणगीदारांची यादी आहे, ती मात्र उलटी वाचू.